छत्रीवाल्याची आई कुठं हाय?

लोक विचारतात, तुम्ही मास्तर झाला नाहीत, तलाठी झाला नाहीत, बापाच्या भांड्याच्या दुकानातही नीट बसला नाहीत, मग केलं तरी काय? मी सांगतो, मी केजच्या लोकांना उड्या मारायला शिकवल्या. पोरासोरांना शिकवल्या, बायाबापड्यांना शिकवल्या, एका रिटायर नायब तहसीलदारांनासुद्धा शिकवल्या. त्याही बसल्या जागी, नुसत्या अंगठ्यानं. बसस्टँडसमोरच्या बोळीत माझं टीव्ही गेमचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. काचा बदलणारा माझाच पोरगा आहे, त्यामुळं शिव्या द्यायचीसुद्धा सोय राहिली नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी धंदा समजावून सांगतो. पोळ्यांच्या डब्याएवढी एक पेटी. तिला दोन वायरी, वायरीच्या टोकाला दोन रिमोट. पेटीच्या डोक्यावर एक खाच, त्यात कॅसेट खोचायची, पेटी टीव्हीला जोडायची की झाला खेळ सुरू. न झाला तर कॅसेट काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. फुंकरीनं नेमकं काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण होत होतं एवढं खरं. गिऱ्हाईक आलं की मी एकच विचारायचो, "घड्याळावर का जिवावर?" घड्याळावर म्हणजे अर्धा तास, कितीही वेळा पडा. जिवावर म्हणजे खेळातला गडी बाद होईपर्यंत, मग तो पाच मिनिटांत जावो नाहीतर दुपारभर टिको. नवखा माणूस हटकून जिवावर खेळायचा आणि बसायच्या आत उठायचा.

नव्वदीनंतरचा तो काळ. केजमध्ये एकाएकी सगळंच यायला लागलं होतं. एसटीडीचे बूथ आले, शांपूच्या पुड्या आल्या, छपरावर केबलच्या छत्र्या आल्या. माझा दोस्त जलील पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या मामूनं हैदराबादहून ही पेटी आणली आणि आम्ही दोघांनी भागीत दुकान टाकलं. माझे वडील, अप्पा, शेजारीच भांड्याचं दुकान चालवायचे. ते म्हणाले, "लोकाला भांडी लागतेत. खेळ कोनाला लागतोय?" पहिल्याच बाजारच्या दिवशी आमच्या बोळीत सायकली मावेनात, तेव्हा अप्पांनी हळूच पातेल्यांची चळत बोळीच्या तोंडाशी आणून मांडली. तीही खपली.

मारामारीच्या कॅसेटी होत्या, मोटारींच्या होत्या. पण आमचं दुकान चाललं ते एका कॅसेटीवर. तिच्यावरचं नाव कुठल्या भाषेतलं होतं देव जाणे, कुणालाच वाचता आलं नाही. खेळातला गडी ढेरपोट्या, डोक्याला मुंडासं वाटावं असं काहीतरी आणि हातात छत्री. म्हणून त्याचं नाव पडलं छत्रीवाला. सुरुवातीला चित्र यायचं: घरातली सगळी जेवायला बसलीत, तेवढ्यात वादळ येतं आणि बायको, दोन पोरं, शेळी, म्हातारी आई, सगळी उडून चहूकडं जातात. राहतो एकटा छत्रीवाला आणि समोर रिकामी ताटं. आता त्यानं डोंगर चढायचे, दऱ्या ओलांडायच्या, छत्री उघडून तरंगत खाली यायचं आणि एकेकाला शोधून घरी आणायचं.

ह्या खेळात रक्त नव्हतं, बंदूक नव्हती. गडी खड्ड्यात पडला तर बाद व्हायचा पण मरायचा नाही, काठावर बसून धोतर पिळायचा आणि आपल्याकडं असं बघायचा की खेळणाऱ्यालाच शरम वाटावी. पोरं हसायची, म्हातारे "अरारारा" करायचे. आज्याबरोबर नातू आणि सासूबरोबर सून एका बाकावर बसून बघू शकतील असं त्या काळी टीव्हीवर दुसरं फार काही नव्हतं, केबल आल्यावर तर नव्हतंच.

पण छळ! छळही तसलाच. उडी अर्धं बोट चुकली की गेला खड्ड्यात. वर माकडं बसलेली, ती नेमकी फळ फेकणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. पेटी बंद झाली की पुन्हा वादळापासून सुरुवात. आमच्याकडं लाइटीचा भरवसा तुम्हाला ठाऊकच आहे. बायको सापडली, दोन्ही पोरं सापडली, शेळीच्या शिंगाला हात लागणार तेवढ्यात लाइट जायची, आणि दुकानात जो हंबरडा फुटायचा तो स्टँडवर ऐकू जायचा. शेवटी जलीलनं डोकं चालवलं. पेटी जीपच्या जुन्या बॅटरीवर जोडून दिली. मग लाइट गेली तर टीव्ही काळा व्हायचा, पण पेटी चालू राहायची. खेळणाऱ्यानं झटक्यात थांबायचं बटण दाबायचं आणि अंधारात रिमोट धरून बसायचं. तासतासभर लोक असे बसलेत माझ्याकडं. म्हणायचे, "छत्रीवाला जित्ता हाय ना? मग आमाला काय घाई न्हाई."

गिऱ्हाइकं एकेक नमुने. ते नायब तहसीलदार साहेब छत्रीवाल्याला हुकूम सोडायचे. "थांब! थांब म्हणतो ना! कुणाला विचारून पुढं गेलास?" आणि रिमोट तर त्यांच्याच हातात. एसटीचे एक कंडक्टर होते, गाडी स्टँडात लागली की तिकिटांची पिशवी गळ्यात तशीच ठेवून जिवावर खेळायला बसायचे. बाहेर ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, पॅसेंजर बोळीत येऊन हात जोडतायत, आणि हे म्हणतायत, "एवढा एक खड्डा, आलोच!" एकदा सगळे पॅसेंजर आत येऊन बघत उभे राहिले आणि गाडीच तासभर उशिरा सुटली. तक्रार मात्र एकानंही केली नाही.

बायकांची वेळ सुरू झाली ती जलीलच्या अम्मीमुळं. अम्मी दुकानाच्या दाराशी सीताफळांची पाटी घेऊन बसायची. एका दुपारी पाटी मला राखायला लावून ती आत गेली ती बाहेरच येईना. दुसऱ्या दिवशी शेजारणींना घेऊन आली. मग नियमच ठरला: दुपारची वेळ फक्त बायकांची. दाराला पडदा. आत अम्मी मालकीण, आणि मी, दुकानाचा खरा मालक, बाहेर बाकावर बसून सीताफळं विकणार. पडद्याआडचं दिसायचं नाही, पण खेळाच्या गाण्यावरून मला बरोबर कळायचं. हा डोंगराचा सूर, हा पाण्याचा, ही शेळी सापडली.

तर अशी सगळी सापडायची, म्हातारी तेवढी सापडायची नाही.

शेवटच्या टप्प्याचं काही गणितच वेगळं होतं. तिथं खड्डा नाही, काटा नाही, माकड नाही. नुसती सपाट वाट. चालत राहायचं. मध्ये एक दगडी देऊळ लागायचं, देवळाच्या भिंतीतून एक दगडी तोंड बाहेर आलेलं, त्यातून पाणी पडून वाटेवरनं ओघळ जायचा. ओघळ ओलांडून पुढं चाललं की पुन्हा तेच झाड, तेच देऊळ, तोच ओघळ. पुन्हा चाला, पुन्हा तेच. लोकांनी उड्या मारून बघितल्या, छत्री उघडून बघितली, देवळाच्या कळसावर चढायचा प्रयत्न केला. काही नाही. ओघळापुढं जाऊन माघारीही आले, तरी तेच. हळूहळू गावात बोलवा उठली की कॅसेटच खोटी आहे, म्हातारी आत भरलेलीच नाही. बोळीतून जाताना लोक मला छेडायचे, "काय बे, छत्रीवाल्याची आई कुठं हाय?" मी हसण्यावारी न्यायचो, पण आतून लागायचं. लोकांनी एवढा जीव लावलेला, आणि शेवटी पंगतीत एक जागा रिकामीच.

त्याच सुमाराला माझं लग्न ठरत होतं. मुलगी मांजरसुंब्याची, नाव सुनंदा. तिच्या वडिलांचं, तात्यांचं, चौफुल्यावर हॉटेल. बघायला गेलो तेव्हा रिवाजाप्रमाणं मला चार प्रश्न विचारून झाले आणि कुणीतरी सहज म्हणालं, "पोरी, तुला काय इचारायचं का?" अशा वेळी पोरी खाली बघतात. ही सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या दुकानात बायका खेळतात म्हणं. खरं हाय का?" मी म्हणालो, "दुपारची वेळ त्यांचीच असती." ती म्हणाली, "मग चांगलं हाय," आणि आत गेली. मला ती लई आवडली. परतीच्या जीपमध्ये मी एकटाच हसत होतो आणि अप्पा माझ्याकडं संशयानं बघत होते.

आठवडा गेला नाही तोच निरोप आला. हॉटेलवाल्याच्या कानावर जगातलं सगळं जातं. कुणीतरी चहा पिता पिता तात्यांना सांगितलं होतं की केजचा हा पोरगा बोळीत अड्डा चालवतो, दाराला पडदा असतो, आतून ओरडण्याचे आवाज येतात, माणसं कामधंदा सोडून बसतात. तात्यांचा निरोप एका ओळीचा: जुगाराच्या घरात पोरगी द्यायची न्हाई.

अप्पांनी मला समोर बसवलं. "पडदा काढ, पेटी जलीलला दे आन् भांड्याच्या गल्ल्यावर बस. मी सवता जाऊन हात जोडतो तात्याला."

"कावून? मी काय चोरी केली?"

"चोरी न्हाई केली. पर लगीन मोडलं ना?"

दुकान सोडवत नव्हतं आणि सुनंदा डोळ्यांपुढून हलत नव्हती. जेवण गोड लागेना. जलील म्हणाला, "दे सोडून यार, पेटी बेच डालेंगे. भाबी पैले." त्याचा संसार त्या पेटीवर चालत होता आणि तरी तो असं म्हणाला.

मला पुढं कळलं की तिकडं सुनंदानं घर डोक्यावर घेतलं होतं. "ऐकीव बोलावर मोडू नका. आत्यानं जाऊन डोळ्यांनी बघावं. ती न्हाई म्हणली तर मी बी न्हाई म्हणते." आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, गंगाआत्या. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. सुनंदाला तिनंच वाढवलेलं. दर सोमवारी महादेव, कपाळाला भस्म आणि घरात तिचा शब्द शेवटचा.

बाजारच्या दिवशी, भर दुपारी, आत्या आणि तात्या जीपमधून उतरून सरळ बोळीत आले. मी बाकावर बसून सीताफळं विकत होतो. व्हिडिओ गेमवाल्या जावयाऐवजी फळवाला बघून तात्यांना नेमका कशाचा राग करावा तेच कळेना. "अड्डा कुठाय?" म्हणाले आणि पडद्याला हात घातला. आतून अम्मी कडाडली, "बाप्पा, अंदर औरतां हैं! मर्दां बाहर बैठो!"

तात्यांचा हात जागच्या जागी राहिला. चौफुल्यावरच्या ट्रकवाल्यांना दम देणारा माणूस, गुमान येऊन माझ्या बाकावर बसला. आत्या मात्र पदर सावरून आत गेली.

आता आम्ही दोघं बाहेर. बोलायचं काय? मी एक पिकलेलं सीताफळ फोडून त्यांच्या हातात दिलं. ते बिया थुंकत रस्त्याकडं बघत राहिले. आतून गाणं वाजत होतं. थोड्या वेळानं त्यांनाच राहवलं नाही. "हे काय वाजतंय?"

"शेळी सापडली."

"कुनाची शेळी?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वादळ सांगितलं, रिकामी ताटं सांगितली, छत्री सांगितली. सूर बदलला की सांगायचो, आता शेळी डोंगरावरनं उतरली, आता घरी आणली. तात्या सीताफळ खायचं विसरले. "आन् म्हातारी?"

"ती कुनालाच सापडली न्हाई अजून."

"असं कसं? म्हातारीला सोडून देतेत व्हय?"

एवढ्यात तो कंटाळवाणा सूर सुरू झाला. शेवटची सपाट वाट. आत अम्मीचा आवाज आला, "लो बाई, अब तुमी चलाओ. इधर कुच मुश्कील नै, बस चलनेका." पाहुणीच्या हाती शेवटचा सोपा टप्पा द्यायचा ही अम्मीची रीत होती. सापडणार तर कुणालाच काही नव्हतं, निदान चालल्याचं समाधान.

आत्या चालवत असावी. सूर संथ चाललेला. मग आत्याचा आवाज आला, "अगं बाई, देऊळ."

"हां, देवल है. आगे चलो."

"हे पानी कशाचं?"

"पानीच है बाई, आगे चलो, आगे!"

"न्हाई. पिंडीवरचं पानी हे असंच बाहीर येतंय. ते वलांडायचं नसतं."

महादेवाची प्रदक्षिणा तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या देवांसारखी गोल घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं आणि ओघळ न ओलांडता आल्या पावली माघारी फिरायचं. आमच्याकडं शेंबडं पोरही हे जाणतं. मी जाणत होतो, नायब तहसीलदार जाणत होते, कंडक्टर जाणत होते. पण हातात रिमोट आला की आम्हा सगळ्यांना एकच सुचायचं: पुढं पळायचं. खेळात माघारी फिरायचं असतं हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

"खेल है बाई!" अम्मी म्हणत होती.

"खेळ असंल. पाय तर माझाच हाय ना?" आत्या म्हणाली. "मी माघारी फिरती."

आतल्या बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, आत्या, माघारी काय न्हाई हो. सूर तोच चालू राहिला. मी तात्यांना म्हणालो, "आत्याबाई उलट्या चालल्यात." ते म्हणाले, "ती तशीच हाय. जन्मात कुनाचं ऐकलं न्हाई."

आणि सूर बदलला.

मला ते सगळे सूर पाठ होते. झोपेतसुद्धा ओळखले असते. हा मी कधी ऐकलाच नव्हता. आधी एक घंटा वाजल्यासारखी वाजली, मग सनईसारखं काहीतरी. आणि आत अम्मीनं जी किंकाळी फोडली! मी बाकावरून उडालो. "तात्या, म्हातारी!" एवढंच तोंडातून निघालं. त्या घडीला ना लग्न आठवलं, ना दुकान, ना स्वतः केलेला नियम. पडदा बाजूला सारून मी आत, माझ्या मागं सासरा.

"मर्दां अंदर कायकू आए?" अम्मी ओरडली, पण डोळे टीव्हीवरच.

वाटेच्या पार सुरुवातीला, जिथं कधी कुणी परत गेलं नव्हतं, तिथं झाडाच्या बुंध्यात एक दार उघडलं होतं. आत म्हातारी बसलेली, गाठोडं मांडीवर घेऊन. छत्रीवाला जवळ गेला तशी तिनं आधी त्याचा कान धरला आणि मग त्याला कुरवाळलं. दुकानातल्या बायका हसतायत आणि डोळेही पुसतायत. मग घर आलं. ताटं मांडलेली. सगळी बसलेली, पण कुणाचा हात ताटात नाही. म्हातारी आली, आपल्या जागी बसली, आणि मग सगळ्यांनी पहिला घास घेतला. शेळीनंसुद्धा.

गंगाआत्यानं रिमोट नीट खाली ठेवला, पदरानं डोळे टिपले आणि भावाकडं वळली. "तात्या, लोकं म्हनतेत अड्डा. मी तर समदं बघितलं. एवढी भुकेली लेकरं, पर म्हातारी आल्याबिगर एकानं बी घास उचलला न्हाई. असला खेळ जो गावाला दाखवतो, त्याच्या घरी आपली पोरगी काय उपाशी ऱ्हाती व्हय?"

सगळ्या बायकांनी तात्यांकडं बघितलं. मीही बघितलं. तात्या मान खाली घालून उभे राहिले. मग खाकरून म्हणाले, "म्या नीट बघितलं न्हाई. मला पडद्याआड बसवलंतं. म्हातारी पुन्यांदा दाखवा."

मी सांगितलं, पुन्हा दाखवता येत नाही, वादळापासून सुरू करावं लागतं. अम्मीनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. तात्या चप्पल काढून बसले. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. वादळ आलं, घरदार उडालं, आणि छत्रीवाला वाटेला लागला. पहिल्याच वळणावर एक कोंबडी त्याला धक्का देऊन माघारी ढकलत होती. तात्यांनी एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला, कपाळावर घाम आला. आत्या हळूच हसत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो.

टीव्हीवरची नजर न काढता तात्या म्हणाले, "जावईबापू, ह्या कोंबडीचं काय करायचं वो?"